निकालाआधीची शिक्षा

23 सप्टेंबर 2024 च्या संध्याकाळी बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचार प्रकरणातला आरोपी अक्षय शिंदे याला पोलीस तळोजा कारागृहातून घेऊन निघाले. मुंब्रा बायपासवर गाडीतच डोक्यात पोलिसाची गोळी लागून तो मारला गेला. त्याने पिस्तूल हिसकावून आधी गोळी झाडली, असं पोलिसांचं म्हणणं. एवढ्या पोलिसांना एक माणूस आवरता आला नाही का, गोळी पायावर का मारली नाही, असं उच्च न्यायालयाने विचारलं. जानेवारी 2025 मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पाच पोलिसांना जबाबदार धरलं. तोवर ‘बदला पुरा’चे फलक लागून गेले होते.

लोकांचा संताप खोटा नव्हता. चार वर्षांच्या मुलींच्या पालकांना गुन्हा नोंदवण्यासाठी ताटकळावं लागलं, तेव्हा कोर्टकचेरीवर त्यांनी विश्वास ठेवायचा तरी कसा, हा प्रश्न रास्तच आहे. पण तो विश्वास ज्या पोलिसांच्या दिरंगाईने उडाला, त्यांच्याच हाती निवाडाही सोपवायचा, हे मला पटत नाही. आणि न्यायालयं ठरवलं तर वेगाने चालतात: कोपर्डीतल्या बलात्कार आणि खुनाचा गुन्हा जुलै 2016 चा, शिक्षा नोव्हेंबर 2017 मध्ये झाली. वेग हवा असेल तर न्यायाधीश, सरकारी वकील आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा वाढवायला हव्यात. पण 1982 मध्ये वडाळ्यात गुंड मन्या सुर्वे पोलीस चकमकीत मारला गेला, तेव्हापासून मुंबईने चकमकींचं कौतुकच जास्त केलं. मुंबईतल्याच चकमकींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये नियम घालून दिले: स्वतंत्र तपास हवा, आणि चकमकीनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक नको.

गोळी न झाडताही निकालाआधी शिक्षा देता येते. ‘यूएपीए’ या दहशतवादविरोधी कायद्यात आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले की जामीन मिळणं जवळपास अशक्य होतं. एल्गार परिषद प्रकरणात याच कायद्याखाली ऑक्टोबर 2020 मध्ये अटक झालेले, आदिवासींच्या हक्कांसाठी काम करणारे फादर स्टॅन स्वामी याच तळोजात होते. वय 83, कंपवाताने हात थरथरायचे, पेला धरवत नसे. पाणी पिण्यासाठी नळी आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021 रोजी ते गेले. खटला सुरूही झाला नव्हता.

अशा मृत्यूने आरोपीवरचा खटला संपतो, पण नुकसान फिर्यादीचंही होतं. शिंदेवरचा खटला उभा राहिला असता, तर शाळेत कोणाला काय ठाऊक होतं आणि ते कोणी दडपलं, याचे साक्षीपुरावे त्या मुलींच्या पालकांसमोर शपथेवर नोंदले गेले असते.