तंबोऱ्याची पारख

नव्या मुंबईंतील आमच्या घरीं पहिला तंबोरा आला तो मींच निवडलेला. दांडीवरील वेलबुट्टी पाहिली, भोपळ्याची तकाकी पाहिली आणि पैसे मोजले. माझ्या मुलीचा स्वर काळी चारचा. तंबोरा मात्र मर्दानी, काळी एकला बोलणारा. तारा चढवाव्या तर तटातट तुटत. न चढवाव्या तर मुलीनें आवाज खालीं ओढावा. दोन महिन्यांत तिचा गळा बसला, तेव्हां कोठें तिच्या गुरुजींनीं सांगितलें कीं, दोष गळ्याचा नव्हे, वाद्याचा आहे.

दुसऱ्या खेपेस आम्ही मिरजेस गेलों. एकोणिसाव्या शतकांत फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून तेथें ही कारागिरी रुजली. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें. कारागिरानें पहिला प्रश्न केला, "गाणार कोण?" किंमतीचा प्रश्न पुष्कळ मागाहून आला.

तंबोऱ्याचा प्राण जवारींत असतो. घोडीची पाठ सपाट दिसली तरी तिला अतिशय सूक्ष्म उतार असतो. कंप पावणारी तार त्या उतारास निसटता स्पर्श करीत राहते, आणि मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे स्वयंभू स्वर उमटतात. तारेखालीं सरकविलेला दोरा हा स्पर्श नेमका साधतो. उत्तम वाद्यांत खर्जाच्या तारेंतून गांधार आपोआप ऐकूं येतो. (तो कोणीं छेडलेला नसतो, याचें मला अजूनहि नवल वाटतें.) परंतु जवारी कानशीनें घासून पुन्हा काढतां येते, लांकूड व भोपळा बदलतां येत नाहीं. म्हणून दोरे काढून एकेक तार छेडावी. आंस टिकली तर घडण चांगली. दोऱ्याविना नाद तत्काळ मरत असेल, तर दोऱ्यासह होणाऱ्या झणझणाटास भुलूं नये.

मग गाणाऱ्यानेंच तो मांडीशीं घ्यावा. पहिली तार मधल्या बोटानें, उरलेल्या तीन तर्जनीनें छेडतात. चारहि तारा सारख्याच वजनानें बोलल्या पाहिजेत. खुंटी पिळून सोडावी. ती मागें सरकली तर घरीं रोजची कटकट. मणी केवळ बारीक फरकासाठीं असतात, सैल खुंटीस ते सांवरीत नाहींत. शेवटीं दुसऱ्यास वाजवावयास सांगून आपण दहा फुटांवर बसावें व ऐकावें.

आमच्या खाडीकांठच्या दमट हवेंत तारा गंजतात, खुंट्या फुगून आवळतात. म्हणून नवा तंबोरा खोळींत, भिंतीपासून दूर ठेवतों. सकाळीं मुलगी तो जुळवावयास बसली कीं घरांत कांहीं वेळ कोणी बोलत नाहीं.