‘महल’चा किस्सा पुरावा म्हणून चालेल का?

कर्जत-चौक रस्त्यावरच्या एन. डी. स्टुडिओमुळे आपल्याकडे शूटिंगचे किस्से भरपूर. पण प्रबंधात असा किस्सा पुरावा म्हणून चालतो का? एक जुनं उदाहरण घ्या.

मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा ‘महल’ (१९४९). भुताची भीती आणि प्रेम, दोन्ही एकत्र. ‘आएगा आनेवाला’ची सुरुवात लांबून येते. लता मंगेशकर मुलाखतींत सांगायच्या, की माइक खोलीच्या मधोमध होता आणि त्या कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आल्या. हेडफोन लावून ऐका. आवाज जवळ येतो, एवढं तुम्हीही तपासू शकता. पण तो पावलांमुळे, की गळा हलका-मोठा करून? नुसतं ऐकून ते ठरत नाही, तिथे आठवणीवरच यावं लागतं.

मग छापील कागद जास्त भरवशाचा? थांबा. सुरुवातीच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं, म्हणजे मधुबालाच्या पात्राचं नाव! पुरावा अगदी त्या काळचा, तरी गायिका कोण ते त्यातून कळत नाही.

म्हणून टिपणवहीत प्रत्येक किश्शापुढे लिहून ठेवा: कोण सांगतंय, किती वर्षांनी, आणि त्यातलं काय आज ऐकून-बघून पडताळता येतं. गाइड पहिल्यांदा हेच विचारतात.