नॉर्वेतले पाकिस्तानी आणि अमेरिकेतले नॉर्वेजियन

जुलै १८२५ मध्ये नॉर्वेच्या स्टाव्हँगर बंदरातून ‘रेस्टोरेशन’ नावाचे एक छोटे गलबत ५२ माणसांना घेऊन अमेरिकेकडे निघाले. त्यातले बरेच जण क्वेकर पंथाचे किंवा त्या पंथाशी जवळीक असलेले धार्मिक वृत्तीचे लोक होते. सरकारमान्य चर्चच्या बाहेर राहून आपल्या पद्धतीने इबादत करणे त्या काळच्या नॉर्वेत सोपे नव्हते. तीन महिन्यांनी गलबत न्यू यॉर्कला लागले तेव्हा ते जप्त झाले. एवढ्याशा गलबतातून इतकी माणसे आणणे अमेरिकेच्या कायद्यात बसत नव्हते. मोठा दंड ठोठावला गेला आणि शेवटी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी तो माफ केला. अमेरिकेतील नॉर्वेजियन समाजाच्या इतिहासाची सुरुवात अशी आहे.

आज याच समाजाचे उदाहरण देऊन मुसलमानांना धडे दिले जातात. स्कँडिनेव्हियन वंशाचे लोक, म्हणजे नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्कमधून गेलेल्यांचे वंशज, अमेरिकेत सुखवस्तू आहेत, शिकलेले आहेत, त्यांची मिनेसोटासारखी राज्ये उत्पन्नात देशाच्या सरासरीपेक्षा पुढे आहेत. उलट खुद्द नॉर्वेत राहणारे पाकिस्तानी वंशाचे लोक सरासरी उत्पन्नात मागे आहेत. मग निष्कर्ष काढला जातो की काही लोकांच्या रक्तातच कष्ट आणि शिस्त असते, आणि काहींचा धर्मच त्यांना मागे ओढतो. आपल्या घरांतली तरुण मुलेही मोबाईलवर हे वाचतात आणि गप्प बसतात. आमचे म्हणणे एवढेच आहे की तुलना जरूर करावी, पण वर्षे मोजून करावी. १८२५ पासून आजपर्यंत २०० वर्षे झाली. पाकिस्तानी लोक नॉर्वेत जाऊ लागले ते १९६० च्या दशकाच्या शेवटी. दोनशे वर्षांच्या झाडाशेजारी पन्नास-पंचावन्न वर्षांचे झाड उभे करून सावली मोजायची, हा कुठला न्याय?

आधी नॉर्वेजियनांचे पाहू. १८२५ नंतरच्या १०० वर्षांत आठ लाखांहून अधिक लोक नॉर्वे सोडून गेले. १९०० साली त्या देशाची लोकसंख्या जेमतेम २२ लाख होती, यावरून कल्पना करावी. कारण साधे होते, भूक. डोंगर आणि खडकांच्या त्या देशात लागवडीची जमीन सुमारे तीन टक्के. शेत थोरल्या मुलाकडे जायचे, धाकट्यांनी काय करायचे? जे दुसऱ्याच्या जमिनीच्या तुकड्यावर झोपडी बांधून त्याबदल्यात मालकाकडे राबत, त्यांना ‘हुसमन’ म्हणत. आपल्याकडच्या कुळांपेक्षा त्यांची स्थिती फार वेगळी नव्हती. हेच लोक बोटीत बसले. स्वीडनमधून तर बारा लाखांहून अधिक लोक गेले.

अमेरिकेत त्यांच्यासाठी कोणी पायघड्या घातल्या नव्हत्या. बेंजामिन फ्रँकलिनसारख्या थोर माणसाने १७५१ साली लिहून ठेवले होते की स्वीडनचे लोकसुद्धा सावळ्या वर्णाचे, म्हणजे इंग्रजांइतके गोरे नाहीत! मिनेसोटाच्या सेंट पॉल शहरात ओढ्याकाठी ‘स्वीड हॉलो’ नावाची झोपडपट्टी होती. नळ नाही, गटार नाही. पुरुष लाकूडतोडीच्या छावण्यांत आणि रेल्वेच्या कामावर, तर मुली शिकागो आणि मिनियापोलिसच्या श्रीमंत घरांत मोलकरणी. अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी जुन्या जनगणनेचे कागद धुंडाळून २०१४ साली दाखवून दिले की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्वेतून आलेले लोक तिथल्या मूळ रहिवाशांपेक्षा कमी कमाईच्या कामांत होते, आणि हा फरक त्यांच्या मुलांच्या पिढीतही पुरता गेला नव्हता.

मग ते वर आले कसे? कष्ट होतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण कष्ट तर हुसमन आपल्या गावातही करत होता. फरक पडला जमिनीने. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने जो पाच वर्षे जमिनीवर राहून ती कसेल त्याला १६० एकर जवळजवळ फुकट मिळू लागली. नागरिकत्व मिळालेले नसले तरी ते घेण्याचा इरादा जाहीर केला की पुरे. ज्याच्या बापाकडे गुंठाभर जमीन नव्हती तो १६० एकरांचा मालक झाला. ही जमीन रिकामी पडलेली नव्हती. ती डकोटा आणि इतर मूळ रहिवाशांची होती. त्याच १८६२ साली डकोटा लोकांनी उठाव केला, त्यात अनेक स्कँडिनेव्हियन वसाहतवाले मारले गेले, आणि डिसेंबरात मँकाटो येथे ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आली. पुढच्या वर्षी डकोटांना मिनेसोटाबाहेर हाकलले गेले. सुखवस्तू समाजाचा दाखला देताना हे पान सहसा उलटले जात नाही.

दुसरी गोष्ट संस्थांची, आणि ती आम्हाला मनापासून शिकण्यासारखी वाटते. घरे अजून मातीची होती तेव्हा या लोकांनी शाळा-कॉलेजे काढली. ल्यूथर कॉलेज १८६१ साली, मिनेसोटात सेंट ओलाफ १८७४ साली. भांडणेही भरपूर केली. एकाच ल्यूथरन पंथाचे, एकाच देशातून आलेले लोक, पण गुलामगिरीबद्दल धर्म काय सांगतो, नजात कोणाला मिळणार, यावर वाद घालून त्यांनी आपापली वेगळी चर्चमंडळे थाटली. एका गल्लीत तीन मशिदी आणि तिघांचे इमाम एकमेकांशी बोलत नाहीत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. मुख्य तीन मंडळे एकत्र आली ती थेट १९१७ साली.

आता नॉर्वेकडे वळू. पाकिस्तानी पंजाबात गुजरात नावाचा जिल्हा आहे. त्यातल्या खारियाँ तालुक्यातून आणि आसपासच्या खेड्यांतून तरुण मुले युरोपात निघाली आणि त्यातली बरीच ऑस्लोला पोचली. नॉर्वेतले कारखाने, हॉटेले आणि रेस्टॉरंटे यांना हात हवे होते. कोणी बोलावणे पाठवले नव्हते, पण आलेल्याला काम मिळत होते. एकाने दुसऱ्याला बोलावले, भावाने भावाला. एका खोलीत दाटीवाटीने राहायचे, पैसे गावी पाठवायचे आणि चार-पाच वर्षांनी परत जायचे, हा सगळ्यांचा बेत. १९७५ साली नॉर्वेने परदेशी कामगारांसाठी दार बंद केले, आणि या बंदीनेच त्यांना कायमचे केले. परत गेलो तर पुन्हा येता येणार नाही म्हणून माणसे थांबली, आणि कुटुंबाला आणण्याची मुभा होती म्हणून बायका-मुले आली. आज नॉर्वेच्या सुमारे ५५ लाख लोकसंख्येत पाकिस्तानी वंशाचे साधारण ४० हजार लोक आहेत, बहुतेक ऑस्लो आणि त्याच्या आसपास.

या पहिल्या पिढीला आळशी म्हणणाऱ्यांसाठी नॉर्वेच्या अर्थतज्ज्ञांचेच एक संशोधन आहे. १९७५ पूर्वी पाकिस्तान, तुर्कस्तान, भारत आणि मोरोक्कोतून आलेल्या पुरुषांची कामाची नोंद त्यांनी वर्षानुवर्षे तपासली. सुरुवातीला जवळपास प्रत्येक जण कामावर होता. दहाएक वर्षांनी प्रमाण घसरू लागले आणि २००० पर्यंत निम्म्यावर आले. कारखाने बंद होत गेले, अवजड कामाने पाठी आणि गुडघे गेले, भाषा न शिकवताच कामाला जुंपलेल्या माणसाला पन्नाशीत नवे काम कोण देणार? अनेक जण अपंगत्व निवृत्तिवेतनावर गेले. सरकारी मदतीमुळे काही वेळा काम न करणेच परवडू लागले, असेही ते संशोधक म्हणतात, आणि त्यातही तथ्य आहे.

आपल्याकडूनही काही झाले, ते लपवू नये. पहिल्या पिढीच्या अनेक पाकिस्तानी स्त्रिया नोकरीला लागल्या नाहीत. नॉर्वेत दोघांनी कमावले तरच घर नीट चालते, सगळा हिशेबच तसा बांधलेला आहे. तिथे एक कमावणारा आणि चार-पाच मुले म्हणजे ते घर कमी उत्पन्नाच्या यादीत जाणारच. गावाकडच्या चुलत-मामे भावंडांशी लग्ने लावण्याच्या रिवाजामुळे प्रत्येक पिढीत पती किंवा पत्नी अशी यायची जिला भाषा पहिल्यापासून शिकावी लागे. त्यावर पुन्हा बिरादरीचा धाक. ऑस्लोत वाढलेल्या दिग्दर्शिका इरम हक यांनी २०१७ साली या धाकावर चित्रपट काढला, त्याच्या नावाचा अर्थच ‘लोक काय म्हणतील’ असा आहे. हे वाक्य भाषांतर करून सांगावे लागेल असे एकही घर आपल्या वाचकांत नसेल.

पण हे सारे पहिल्या पिढीचे झाले. त्यांच्या मुलांचे चित्र वेगळे आहे. नॉर्वेत जन्मलेली पाकिस्तानी आईबापांची मुले कॉलेजात जाण्याच्या प्रमाणात देशाच्या सरासरीपेक्षा पुढे आहेत, आणि मुली मुलांपेक्षाही पुढे. डॉक्टरी, दंतवैद्यक, औषधशास्त्र, कायदा ही त्यांची आवडती क्षेत्रे. टॅक्सी चालवणाऱ्या बापाने आणि घरी राहिलेल्या आईने मुलीला डॉक्टर केले, अशी घरे ऑस्लोत आता नवलाची राहिलेली नाहीत. तिथे सरकारी विद्यापीठात फी नाही, राहण्या-खाण्यासाठी सरकारी कर्ज मिळते. नॉर्वेजियनांना अमेरिकेत जमीन मिळाली, पाकिस्तान्यांना नॉर्वेत ही विनाफीची शाळा मिळाली, आणि दोघांनीही मिळालेल्या गोष्टीचे सोने केले. लग्ने उशिरा होऊ लागली, भावंडांतली लग्ने झपाट्याने कमी झाली. बहुसंख्य पाकिस्तानी कुटुंबे स्वतःच्या मालकीच्या घरात राहतात.

राजकारणातही तसेच. २००१ साली अफशान रफिक पार्लमेंटवर निवडून आल्या. हादिया ताजिक २०१२ साली वयाच्या २९ व्या वर्षी सांस्कृतिक मंत्री झाल्या, नॉर्वेच्या पहिल्या मुस्लिम मंत्री आणि तोवरच्या सर्वांत तरुण. २०२० साली आबिद राजा यांनी हेच खाते सांभाळले. म्हणजे दार बंद झाल्यापासून ३७ वर्षांत पाकिस्तानी घरातली मुलगी मंत्रिमंडळात. अमेरिकेत नॉर्वेत जन्मलेले कनूट नेल्सन मिनेसोटाचे गव्हर्नर झाले १८९३ साली, म्हणजे त्या पहिल्या गलबतानंतर ६८ वर्षांनी. हा हिशेब थोडा ताणलेला आहे हे आम्हाला मान्य, पण निदान तो वर्षे मोजून केलेला आहे.

जिथे नॉर्वेजियनांची वाट सोपी होती आणि पाकिस्तान्यांची नाही, ती जागा म्हणजे नाव आणि चेहरा. योहानसनचा जॉन्सन झाला की एका पिढीत ओळख पुसली जाई. मोहम्मदचे काय करणार? २०१२ मध्ये नॉर्वेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी कंपन्यांना पाठवले होते. पाकिस्तानी नाव असलेल्या अर्जाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी कमी निघाली. पदवी तीच, भाषा तीच, जन्म ऑस्लोतला. हे ओझे तिसरी पिढीही वाहणार आहे.

रक्ताचा आणि धर्माचा सिद्धांत कुठे कोसळतो हे पाहायचे तर त्याच पाकिस्तान्यांना तीन देशांत पाहावे. इंग्लंडच्या ब्रॅडफर्डमध्ये बहुसंख्य पाकिस्तानी मीरपूरकडचे. तिथे १९६७ साली पूर्ण झालेल्या मंगला धरणाने एक लाखाहून अधिक लोक विस्थापित केले, त्यातले कितीतरी जण लोकरीच्या गिरण्यांत रात्रपाळीला लागले. गिरण्या बंद पडल्या आणि आज इंग्लंडमध्ये पाकिस्तानी घरांचे उत्पन्न सर्वांत खालच्या गटात मोडते. अमेरिकेत मात्र १९६५ च्या नव्या कायद्याने डॉक्टर-इंजिनिअरांना वाट दिली. तिथल्या पाकिस्तानी प्रौढांत निम्म्याहून अधिक पदवीधर आहेत आणि त्यांच्या घरांचे उत्पन्न देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. नमाज तीच, रोजे तेच, घरातले सालनही तेच. फरक कोणता? कोण गेला आणि त्याच्यासाठी कोणते दार उघडले, एवढाच.

आपल्या रत्नागिरी-रायगडच्या वाचकांना खारियाँचे आणखी एक दृश्य सहज समजेल. तिथे परदेशी पैशातून बांधलेल्या मोठमोठ्या कोठ्या आहेत. दोन मजली, संगमरवरी, आणि वर्षातले दहा महिने कुलूपबंद. कोकणातल्या गल्फवाल्यांच्या बंगल्यांसारख्याच. मात्र गल्फने आपल्या माणसांना नागरिक केले नाही, तिथल्या मुलांना घर म्हणून तो देश दिला नाही. म्हणून आपल्याकडे पिढ्यांची अशी तुलना करताच येत नाही. आपली पहिली पिढी पुन्हा पुन्हा पहिलीच राहते. व्हिसा संपला की माणूस घरी येतो आणि मुलगा नव्याने सुरुवात करतो.

नॉर्वेजियन अमेरिकनांच्या त्या एकत्रित चर्चने आपल्या नावातून ‘नॉर्वेजियन’ हा शब्द काढला १९४६ साली. प्रार्थना तोवर बहुतेक इंग्रजीत होऊ लागली होती, आणि आजोबांची भाषा नातवांना येत नाही म्हणून म्हातारे कष्टी होते. ऑस्लोत आज काही मशिदींत जुम्याच्या खुत्ब्याचा नॉर्वेजियन अनुवाद ऐकवला जातो. तिसऱ्या पिढीला उर्दू समजते, पण ती नीट वाचता येत नाही. आजी पंजाबीत बोलते, नात नॉर्वेजियनमध्ये उत्तर देते, आणि मधली आई दोघींना एकमेकींचे बोलणे समजावून सांगते.