पोकर : गणित आणि मन – लेखांक ७ : एक्क्यांची जोडी हरते तेव्हा

२००३ साल. लास व्हेगासमधल्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत ८३९ जणांपैकी दहा उरले होते आणि अंतिम टेबलावर जागा होत्या नऊ. ख्रिस मनीमेकर हा टेनेसीतला हिशेबनीस ८६ डॉलरची ऑनलाइन पात्रता फेरी जिंकून तिथवर आला होता. त्याच्या हातात एक्का आणि राणी, तर फिल आयव्हीच्या हातात नव्व्यांची जोडी. फ्लॉपवर दोन राण्या आणि छक्की आली, मनीमेकर पुढे गेला. टर्नवर नव्वी पडली आणि आयव्हीचं फुल हाउस झालं. त्याने सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या, मनीमेकरने कॉल केला. न दिसलेल्या ४४ पत्त्यांपैकी सातच पत्ते मनीमेकरला वाचवू शकत होते : एक राणी, तीन एक्के, तीन छक्क्या. सोळा टक्के. रिव्हरवर एक्का आला आणि आयव्ही दहाव्या क्रमांकावर उठला.

पैसे टाकताना तुम्ही बरेच पुढे असता, आणि तरीही डाव जातो. याला पोकरवाले बॅड बीट म्हणतात. पण हा शब्द फार सैल वापरला जातो, म्हणून आधी तो नीट बसवून घेऊ.

मागच्या आठवड्यातला पॉट ऑड्सचा हिशेब आठवा. पॉटमध्ये १०० चिप्स आहेत, तुमच्याकडे चांगली जोडी आहे आणि समोरच्याला बदामचा फ्लश व्हायला एक पत्ता हवा आहे. टर्नवर तुम्ही २५ लावले. त्याला २५ घालून १५० चा पॉट मिळू शकतो, म्हणजे साधारण १७ टक्के संधी असली तरी त्याचा कॉल बरोबर. त्याच्या दृष्टीने ४६ पत्त्यांत नऊ बदाम शिल्लक आहेत, जवळजवळ २० टक्के. रिव्हरला बदाम पडला तर त्यात दुर्दैव कसलं? तो पत्ता तुम्हीच त्याला स्वस्तात विकलात. त्याच जागी तुम्ही ७५ लावले असते, तर त्याला ३० टक्के संधी लागली असती. एवढी महाग किंमत देऊनही तो आला आणि बदाम पडला, तर मात्र तो खरा बॅड बीट. दोन्ही डावांत चिप्स गेल्याच, पण पहिल्यात दुरुस्त करण्यासारखं काही आहे आणि दुसऱ्यात नाही. हरलेल्या प्रत्येक डावाला बॅड बीट म्हणणारा खेळाडू स्वतःची चूक कायमची झाकून ठेवतो. माझ्या मते या खेळातली सर्वांत महागडी सवय हीच.

खरे बॅड बीट किती वेळा व्हावेत, तेही पाहू. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीविरुद्ध फ्लॉपआधीच ऑल-इन गेली, तर शंभरात सुमारे ८२ वेळा जिंकते. चांगलंच आहे. पण अशी गाठ पाच वेळा पडली, तर पाचही वेळा जिंकण्याची शक्यता ३७ टक्केच उरते. म्हणजे निदान एकदा तरी हरणं हेच जास्त संभवनीय. हा आकडा मनात मुरला नाही, तर हरलेला प्रत्येक एक्का अन्याय वाटत राहतो.

अन्याय झाल्याच्या भावनेतून जे होतं, त्याला पोकरमध्ये टिल्ट म्हणतात. शब्द आला पिनबॉलच्या यंत्रावरून. खेळणाऱ्याने यंत्राला फार हिसके दिले की ते ‘टिल्ट’ दाखवतं आणि बंद पडतं. माणूस मात्र बंद पडत नाही, खेळतच राहतो, आणि ऑनलाइन टेबलावर हे विशेष घातक ठरतं. प्रत्यक्ष टेबलावर डीलर पत्ते पिसतो, चिप्स मोजून सरकवतो. तासाला पंचवीस-तीस डाव होतात, राग ओसरायला थोडी उसंत मिळते. पडद्यावर पुढचा डाव काही सेकंदांत वाटला जातो आणि एकाच टेबलावर तासाला साठच्या वर डाव सहज होतात. चार टेबलं उघडी असतील, तर एका टेबलावरच्या रागाची किंमत उरलेल्या तीन टेबलांवर चुकती होते. म्हणून उपाय अगदी शारीरिक ठेवा : ‘सिट आउट’चं बटण दाबा, खुर्चीतून उठा, पाणी प्या, आणि तो डाव मनातल्या मनात एखाद्या मित्राला सांगून पाहा. पैसे टाकले तेव्हा मी पुढे होतो का, एवढंच विचारा. उत्तर शांतपणे देता आलं तर परत बसा. नाही आलं, तर आजचा दिवस संपला.

इथवर मनाचा भाग झाला. आता टेबलाकडे वळू, कारण बॅड बीट तुमच्या एकट्याचा नसतो. तो सगळ्यांनी पाहिलेला असतो.

टेबल इमेज म्हणजे इतरांच्या डोक्यातलं तुमचं चित्र : हा जपून खेळतो की कशावरही पैसे लावतो, हा ब्लफ करतो की नाही. समोरासमोर हे चित्र चेहऱ्यावरून, बसण्यावरून, चिप्स चाळवण्यावरून बनतं. गणपतीच्या रात्री मेंढीकोट खेळलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. ऑनलाइन चेहरा नसतो. उरतात तीनच गोष्टी : उघडे पडलेले पत्ते, बेटचा आकार आणि निर्णयाला लागलेला वेळ. त्यातही पाहणारे दोन प्रकारचे. अधूनमधून खेळणाऱ्याला तुमचा शेवटचा उघडा पडलेला डाव तेवढा आठवतो. रोज खेळणारा, जिथे परवानगी असेल तिथे, आकडे ठेवणारं सॉफ्टवेअर वापरतो. तुम्ही शंभरातले किती डाव स्वखुशीने खेळता, किती वेळा वाढवून खेळता, हे त्याच्या पडद्यावर दिसतं. तुमच्या एका बॅड बीटने त्याचे आकडे हलत नाहीत. त्यामुळे ‘आता सगळे मला वेडा समजताहेत’ किंवा ‘आता माझा धाक बसला’ हे दोन्ही निष्कर्ष घाईचे असतात. कोण पाहतंय, हे आधी ठरवायला हवं.

तरीही एक गोष्ट बहुतेक टेबलांवर खरी ठरते. मोठा डाव दुर्दैवाने हरलेला माणूस पुढच्या काही डावांत चिडून खेळणार, असं इतर गृहीत धरतात. तुमचे एक्के सगळ्यांनी पाहिलेत, म्हणजे तुम्ही चांगल्या पत्त्यांवर पैसे लावता हेही त्यांना कळलंय, पण त्या क्षणी चिडीची शंका त्या माहितीवर मात करते. याचा सरळ अर्थ असा की तुमच्या पुढच्या मोठ्या बेटवर विश्वास बसणार नाही, हलक्या जोडीवरही कॉल येईल. अशा वेळी ब्लफ करणं म्हणजे ऐकायला कुणी तयार नसताना बोलणं. बॅड बीटनंतरच्या दोन-तीन फेऱ्या ब्लफ पूर्ण बंद ठेवा, हे माझं ठाम मत. मात्र खरे पत्ते आले तर नेहमीपेक्षा जरा मोठी बेट लावा. इतरांनी तुमच्या चिडीवर लावलेले पैसे तुमच्या शांतपणाकडे येतात.

उलट बाजूही त्याच २००३ च्या स्पर्धेत दिसली. शेवटी मनीमेकर आणि सॅम फरहा दोघेच उरले. एका डावात मनीमेकरची इस्पिकची फ्लश आणि सिक्वेन्स, दोन्हींची वाट रिव्हरवर हुकली, हातात उरला नुसता राजा. त्याने सगळ्या चिप्स लावल्या. फरहाकडे नव्व्यांची जोडी होती, टेबलावरच्या पत्त्यांशी जुळणारी सर्वांत मोठी जोडी. तो बराच वेळ विचारात पडला आणि त्याने पत्ते टाकले. प्रत्यक्ष टेबलावरच्या पहिल्याच स्पर्धेत उतरलेला नवखा अशा जागी ब्लफ करेल, हे चित्र सहज डोळ्यांपुढे येणारं नव्हतं. माझ्या वाचनाप्रमाणे तो ब्लफ पत्त्यांपेक्षा प्रतिमेवर चालला.

चॅटच्या चौकटीबद्दल एक सूचना. चुकीचा कॉल करून जिंकलेल्याला तिथे शिव्या किंवा शिकवणी देऊ नका. शहाणा झाला तर पुढच्या वेळी तो पत्ते टाकेल, दुखावला तर टेबल सोडून जाईल. दोन्हीत तोटा तुमचा, कारण तुमचा नफा अशाच कॉलमधून येतो. शिवाय तुम्ही चिडला आहात हे साऱ्या टेबलाला लिहून कळतं.

आता कायद्याचं. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे, मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. त्यामुळे महाराष्ट्रातल्या वाचकांनी हा सराव फुकटच्या चिप्सवरच करावा. पणजीला मांडवीतल्या कॅसिनोंतली प्रत्यक्ष टेबलं वेगळ्या कायद्याखाली येतात. न्यू जर्सीत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या वाचकांनी तिथल्या परवानाधारक संकेतस्थळांचे नियम पाहावेत. आणि कुठेही असा, गेलेले पैसे आजच परत मिळवायचे म्हणून पुन्हा बसावंसं वाटू लागलं, तर खेळ तिथेच थांबवा आणि घरातल्या एका माणसाला ते सांगा.

या आठवड्यासाठी एक काम. वहीत दोन रकाने आखा. हरलेला प्रत्येक मोठा डाव लिहा : पैसे टाकताना मी पुढे होतो का, आणि त्यानंतरच्या दहा डावांत मी काय केलं. वीस डाव जमले की वही समोर ठेवा. पुढच्या आठवड्यात आपण बेटच्या आकाराबद्दल बोलणार आहोत, तेव्हा ती लागेल.