रिकामे टरफल आणि घरची दारू : काही गैरसमज

काडतुसांचे भाव चढू लागले की, बार्शी-करमाळ्याकडील ज्या शेतकऱ्याच्या घरी पीकसंरक्षणाची परवान्याची बाराबोअर बंदूक आहे, त्याच्या मनात, उडालेल्या काडतुसाचे टरफल फेकण्याऐवजी त्यात घरीच दारू व छर्रे भरून खर्च वाचवावा, असा विचार येणे अस्वाभाविक नाही; अमेरिकेतील हौशी नेमबाज हे काम उघडपणे करताना पाहून तर तो अधिकच बळावतो.

परंतु बंदुकीचा परवाना असला म्हणजे काडतुसांची तजवीज कशीही करण्यास मुभा आहे, ही समजूत निराधार होय. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात बाळगण्याचा परवाना कलम ३ खाली आणि निर्मितीचा कलम ५ खाली येतो, आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कचेरीतून शेतकऱ्यास मिळतो तो पहिला. टरफल पुन्हा भरणे म्हणजे निर्मिती नव्हे, असा युक्तिवाद कोणी केलाच, तरी दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भागच नव्हे, तर ते बनविण्याची यंत्रसामग्रीही अंतर्भूत असल्यामुळे, एकही छर्रा न भरता केवळ भरणीचे यंत्र विनापरवाना घरी आणणारा इसमही अडचणीत येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीस किमान ७ वर्षे कारावास आहे. कमाल शिक्षा जन्मठेपेची.

याहून घातक समज असा की, दारू तेवढी सारखीच. सिद्धेश्वराच्या यात्रेतील शोभेचे दारूकाम लहानपणापासून पाहिलेल्या सोलापूरकरास तरी हा भेद मुद्दाम सांगितला पाहिजे. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू वेगळी. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये सिद्ध झालेली, नायट्रोसेल्युलोजची धूरहीन दारू वेगळी. आणि फटाक्यातील, अॅल्युमिनियमच्या भुकटीची, डोळे दिपविणारी दारू तर बंदुकीसाठी नव्हेच. धूरहीन दारू, दाब वाढेल तसतशी अधिक वेगाने जळते आणि त्या ज्वलनाने दाब आणखी वाढवते. सबब काळ्या दारूच्या मापाने ती भरली, तर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ७०० ते ८०० किलो दाबाच्या मर्यादेतील काडतुसांसाठी घडविलेली नळी ज्या ठिकाणी फुटते, त्याच्या अगदी लगत नेम धरणाऱ्याचा चेहरा असतो.

बचतीचा हिशेबही तसाच फसवा आहे, कारण काडतुसात टरफलाला महत्त्व सर्वांत कमी. महत्त्व आहे ते प्रायमरला, दारूच्या अचूक वजनाला आणि तयार मालातील नमुने उडवून दाब मोजण्याला. १८६९ पासून चालत आलेल्या आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेलेल्या खडकीच्या कारखान्यात ही तपासणी होते; माजघरात ती कशी व्हावी?

पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची सनदही नव्हे : रानडुकरासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी लागते, आणि नान्नजच्या माळावरून पिकात उतरणाऱ्या काळविटास तर कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे.

आजोबांच्या शिकारीच्या काळातील भरणीची साधने किंवा जुनी काडतुसे माळ्यावर सापडली, तर ती वापरून पाहू नयेत की भंगारातही देऊ नयेत. त्याच अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे जवळच्या पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे, रीतसर पावती घेऊन, जमा करावीत, आणि ती साधने हाताळण्यापूर्वी ठाण्यास वर्दी द्यावी.