उद्यापासून येऊ नको

रात्री दोन वाजता पुण्यातल्या खराडीत दोन गणवेश जागे असतात. ईऑन आयटी पार्कच्या गेटवर एजन्सीचा सिक्युरिटी गार्ड आणि 2024 मध्ये सुरू झालेल्या खराडी पोलीस ठाण्यातला अंमलदार. ड्युटीवर गैरवर्तन केल्याचा ठपका दोघांवरही येऊ शकतो. नोकरी गेली तर भांडायची वाट मात्र वेगवेगळी.

पोलिसामागे संविधानाचा अनुच्छेद 311 उभा आहे. आधी आरोपपत्र, मग विभागीय चौकशी, त्यात बाजू मांडायची संधी, आणि त्यानंतरच बडतर्फी. तिच्याविरुद्ध वरिष्ठांकडे अपील करता येतं, पुढे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण म्हणजे ‘मॅट’ आणि उच्च न्यायालय. पण याच अनुच्छेदात एक पळवाटही आहे: चौकशी घेणं व्यवहार्य नाही, असं कारण लेखी नोंदवलं की थेट घरी पाठवता येतं. मुंबईचे ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’ प्रदीप शर्मा यांना 2008 मध्ये अंडरवर्ल्डशी संबंधांच्या आरोपावरून असंच काढलं गेलं. 2009 मध्ये मॅटनं तो आदेश रद्द केला.

चौकशी रीतसर झाली असेल, तर मात्र कोर्ट सहसा हात घालत नाही. 2001 च्या नवरात्रातली गोष्ट. वडोदऱ्यात रात्री एकच्या सुमारास सीआयएसएफच्या म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका जवानानं मोटरसायकलवरच्या जोडप्याला अडवलं, तरुणाच्या वाग्दत्त वधूबद्दल नको ती मागणी केली आणि शेवटी त्याच्या मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं. नोकरी गेली. गुजरात उच्च न्यायालयानं त्याला परत घ्यायला सांगितलं, पण 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बडतर्फीच कायम केली. वाद एका घड्याळाचा, चालला वीसेक वर्षं!

गेटवरच्या गार्डला 311 लागू नाही. त्याचा मालक आयटी कंपनी नव्हे, एजन्सी; त्यामुळे दाद मागायची ती कामगार खात्याकडे. तिथे प्रश्न साधे असतात. चार्जशीट दिली होती का? ड्युटीवर झोपल्याचा ठपका असेल, तर झोपलेलं कोणी पाहिलं, आणि त्या साक्षीदाराला उलट प्रश्न विचारू दिले का? अडचण अशी की गार्डच्या हातात बडतर्फीचा कागदच नसतो, सुपरवायझर फोनवर एवढंच सांगतो, “उद्यापासून येऊ नको.” अशा वेळी पगाराची स्लिप, पीएफची नोंद आणि हजेरीपटाचा मोबाईलवर काढलेला फोटो, एवढाच त्याचा पुरावा.