विचाराला पगार देणारे प्रतापशेठ

अमळनेर हे बोरी नदीच्या काठचं, कापसाच्या व्यापारावर वाढलेलं गाव. जिल्हा जळगाव, पण धुळ्यालाही जवळचं. इथं वैशाखात संत सखाराम महाराजांचा रथ निघतो आणि सारी पंचक्रोशी गावात लोटते. बाहेरच्या माणसाला मात्र अमळनेर माहीत असतं ते विप्रोमुळे. १९४५ साली महंमद हाशम प्रेमजी यांनी इथं वनस्पती तुपाची कंपनी काढली, तिचीच पुढे विप्रो झाली. त्याच्या एकोणतीस वर्षं आधी, १९१६ साली, याच गावातल्या एका गिरणीमालकानं तत्त्वज्ञान मंदिर नावाची संस्था काढली होती. तिथं येणाऱ्या अभ्यासकानं वाचायचं, विचार करायचा, वाद घालायचा आणि लिहायचं. त्याच्या राहण्याजेवणाची चिंता शेठजींनी वाहायची.

हे शेठजी म्हणजे श्रीमंत मोतीलाल माणेकचंद. सारा खानदेश त्यांना प्रतापशेठ म्हणूनच ओळखतो.

त्यांच्या उद्योगाची मुळं काळ्या मातीत होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६० नंतर, खानदेशी कापसाला अचानक भाव आला. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले, रुईच्या गासड्या मुंबईकडे जाऊ लागल्या. सुरत-भुसावळ लोहमार्गावर अमळनेर आलं आणि व्यापाराला गती मिळाली. तरी रुईचं सूत आणि सुताचं कापड व्हायचं ते दूरच्या शहरांत. शेठजींच्या प्रताप मिलमुळे अमळनेरचा कापूस अमळनेरातच कातला आणि विणला जाऊ लागला. ज्यांच्याकडे जमीन नव्हती किंवा होती ती पुरत नव्हती, अशा शेकडो घरांना महिन्याचा पगार मिळू लागला. पुढे धुळ्यातही न्यू प्रताप मिल उभी राहिली. भोंग्यावर उठणारी, पाळीवर जाणारी वस्ती हा या शहरांचा नवा चेहरा झाला.

पैसा आला की धर्मकार्य करायचं, ही आपल्याकडच्या व्यापारी घराण्यांची जुनी रीत आहे. धर्मशाळा, पाणपोया, गोशाळा, देवळांचे जीर्णोद्धार यांतून ती खानदेशभर दिसते आणि त्याबद्दल समाजानं कृतज्ञ राहायला हवं. प्रतापशेठांची श्रद्धा वेदान्तावर होती, शंकराचार्यांच्या अद्वैतावर होती. त्यांनी या श्रद्धेला शोभेल असं दान शोधलं. अद्वैत खरं असेल तर त्याचा कसून अभ्यास झाला पाहिजे, पाश्चात्त्य तत्त्वज्ञानासमोर ते उभं राहिलं पाहिजे आणि त्यासाठी देशातली उत्तम डोकी एका ठिकाणी बसली पाहिजेत, हा तत्त्वज्ञान मंदिराचा हेतू होता. इंग्रजीत संस्थेचं नाव ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फिलॉसॉफी’.

डोकी आली, तीही खरोखर पहिल्या रांगेतली. संस्थेचा भार दीर्घकाळ जी. आर. मलकानी यांनी वाहिला. कोलकात्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य इथं आले. विसाव्या शतकातल्या भारतीय तत्त्वचिंतकांत त्यांचं नाव अग्रभागी घेतलं जातं. ‘द सब्जेक्ट अ‍ॅज फ्रीडम’ हा त्यांचा अवघड, दाट ग्रंथ १९३० साली प्रसिद्ध झाला तो अमळनेरहून. धीरेंद्र मोहन दत्त, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती ही नावंही या आवाराशी जोडलेली आहेत. मूर्तींचा माध्यमिक बौद्ध दर्शनावरचा ग्रंथ पुढे जगभर वाचला गेला. १९२५ पासून ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे त्रैमासिक इथून निघू लागलं. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचं याच नावाचं प्रसिद्ध नियतकालिक १९५० साली सुरू झालं. तोवर अमळनेरच्या त्रैमासिकानं पाव शतक पार केलं होतं.

इथं चाले ते काम नेमकं कसलं होतं, हे एका पुस्तकावरून नीट कळतं. १९३३ साली मलकानी, दास आणि मूर्ती या तिघांनी मिळून ‘अज्ञान’ नावाचा ग्रंथ काढला. विषय अद्वैताच्या अगदी मर्मावरचा. अंधारात दोरी पडली आहे, आपल्याला साप दिसतो. दिवा आणला की साप जातो, दोरी उरते. जगाचं दिसणंही असंच अज्ञानातून येतं, असं अद्वैती म्हणतात. मग प्रश्न येतो: हे अज्ञान कुणाचं? ब्रह्माचं म्हणावं तर ब्रह्म ज्ञानस्वरूप आहे, तिथं अज्ञान राहील कसं? जीवाचं म्हणावं तर जीव हाच मुळी अज्ञानामुळे वेगळा भासतो, म्हणजे जीवाआधी अज्ञान हवं आणि अज्ञानाआधी जीव हवा. वेदान्त्यांतच यावर दोन परंपरा झाल्या. भामती मत अज्ञानाला जीवाच्या आश्रयानं ठेवतं, विवरण मत ब्रह्माच्या. अमळनेरच्या तिघांनी हाच प्रश्न तीन बाजूंनी धसाला लावला. मलकानी अद्वैताची बाजू लढवणारे, दास अद्वैताला अडचणीचे प्रश्न विचारणारे, मूर्तींची तऱ्हा आणखी निराळी. तिघांनी शेवटी एकाच निष्कर्षावर यावं, अशी अट नव्हती. जिच्या पैशावर संस्था चालते ती श्रद्धाच तपासून घ्यायची मुभा संस्थेत होती. प्रतापशेठांचं मोठेपण मला इथं दिसतं. आपल्या श्रद्धेचा जयजयकार करणारी माणसं पदरी ठेवणं सोपं असतं. आपल्या श्रद्धेला प्रश्न विचारणाऱ्याचा चरितार्थ चालवायला मन फार खंबीर लागतं.

याच तत्त्वज्ञान मंदिरात पदवीनंतर एक कोकणातला तरुण शिकायला आला. पांडुरंग सदाशिव साने. पण चर्चेच्या दालनात त्याचा जीव पुरता रमला नाही. १९२४ साली तो गावातल्या शाळेत शिक्षक झाला. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल झाली. छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या झाडणारा, त्यांचे कपडे धुणारा, त्यांच्यासाठी हातानं लिहून दैनिक काढणारा हा शिक्षक मुलांचा साने गुरुजी झाला. १९३० साली नोकरी सोडून तो स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे सत्याग्रही कैद्यांना गीता सांगत होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. बोलणं विनोबांचं, टिपणं साने गुरुजींची. ‘गीता प्रवचने’ घरोघर पोचली ती या टिपणांमुळे. एका गिरणीमालकानं पोसलेलं तत्त्वचिंतन आणि तुरुंगाच्या भिंतीआड कैद्यांसमोर सांगितलेलं तत्त्वचिंतन, दोन्ही खानदेशातच घडली, आणि दोन्ही ठिकाणी हजर असलेला माणूस एकच.

गुरुजी पुढे अमळनेरच्या गिरणी कामगारांच्या बाजूनंही उभे राहिले. प्रतापशेठांच्या कार्याचं मोल करताना ही बाजू झाकून चालणार नाही. तत्त्वज्ञान मंदिराचा खर्च ज्या नफ्यातून निघत होता, त्या नफ्यात कामगारांचा घाम होता. मालकाचं दातृत्व कितीही मोठं असलं तरी कामगाराला त्याच्या हक्काचं मिळावं ही मागणी त्यानं फिटत नाही. अमळनेर हे दोन्ही धडे एकाच पिढीत शिकलं.

शिक्षणासाठीही शेठजींनी हात आखडता घेतला नाही. १९४५ साली खानदेश शिक्षण मंडळाचं प्रताप महाविद्यालय सुरू झालं. तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना पदवीसाठी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे, ती अडचण त्यानं दूर केली. १९५२ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला भरलं, कृ. पां. कुलकर्णी अध्यक्ष होते. २०२४ च्या फेब्रुवारीत सत्त्याण्णवावं संमेलन याच गावात, प्रताप महाविद्यालयाच्या आवारात झालं. रवींद्र शोभणे अध्यक्ष होते.

प्रताप मिल पुढे बंद पडली. खानदेशातल्या कापड गिरण्यांचं जे झालं तेच तिचंही झालं. पण विचारासाठी दिलेला पैसा टिकला. तत्त्वज्ञान मंदिर पुढे प्रताप तत्त्वज्ञान केंद्र म्हणून ओळखलं जाऊ लागलं, पुणे विद्यापीठाशी जोडलं गेलं आणि १९७३ पासून ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ या नावानं त्रैमासिकाची परंपरा पुन्हा सुरू झाली. धुळ्यातही याच वळणाची कामं झाली: इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावानं संशोधन मंडळ, समर्थ वाङ्मय सांभाळणारं समर्थ वाग्देवता मंदिर. या प्रांताला कापूस आणि केळी यांच्यापलीकडेही ओळख आहे, आणि ती कमावलेली आहे.

आज खानदेशात पैसा कमी नाही. ठिबकचे उद्योग आहेत, डाळ मिल आहेत, सराफ बाजार आहे, सप्ताह आणि पारायणांना मुक्त हस्तानं देणारी माणसं आहेत. त्यांतल्या एकानं जरी दोन तरुण अभ्यासकांना पाच वर्षं सांभाळायचं ठरवलं, आणि काय शोधायचं हे त्यांच्यावर सोडलं, तरी प्रतापशेठांचं स्मारक पुतळ्याशिवाय उभं राहील. धर्मावर प्रेम करणाऱ्याला धर्माविषयीचे प्रश्न परवडले पाहिजेत. अमळनेरच्या शेठजींना ते परवडले, आणि म्हणूनच शंभर वर्षांनंतरही त्यांचं नाव तत्त्वज्ञानाच्या इतिहासात घ्यावं लागतं.